रक्ततपासणीच्या अहवालातील ठळक आकडा कसा वाचावा

अहवालात एखादा आकडा मर्यादेबाहेरचा म्हणून ठळक छापलेला दिसला, की काळजात धस्स होते. परंतु शेजारी दिलेली संदर्भ मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या मोजमापांवरून ठरवलेली असते, म्हणजे उरलेले ५ टक्के लोक धडधाकट असूनही तिच्या बाहेरच पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते.

कधी दोष नमुन्यातच असतो. रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर पडते आणि आकडा खोटाच वाढतो. आदल्या दिवशी जोरकस व्यायाम केला असेल, तर स्नायूंतून आलेल्या एएसटीमुळे (यकृतात आणि स्नायूंतही असणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) यकृताविषयी उगाच शंका येते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही थायरॉइडच्या काही चाचण्यांचा निकाल बिघडवतात, आणि हे डॉक्टरांना सांगायचे हमखास राहून जाते.

याउलट, मर्यादेतला आकडाही बोलका असू शकतो. मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, क्रिएटिनिन, वर्षभरात ०.७ वरून १.१ वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गेला, तर कागदावर काहीच ठळक दिसत नाही, तरी मूत्रपिंडाचे काम मंदावले असण्याची शक्यता तपासायला हवी. म्हणून जुने अहवाल जपून ठेवावेत आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावेत. मात्र प्रयोगशाळेने स्वतःहून फोन करून निकाल कळवला, किंवा छातीत दुखणे, धाप लागणे, रक्तस्राव अशी लक्षणे असतील, तर फेरतपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.