क्लिंगॉनमध्ये सर्वनाम कसं निवडावं? मालवणच्या बंदरावर सराव

बांगडा तो, सुरमई ती, पापलेट ते. मालवणीत तर चालतंबोलतं चेडूही नपुंसकलिंगी. ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथांमधल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रँड यांनी घडवलेल्या भाषेत (तिचा कोश १९८५ साली आला) लिंग हा प्रकारच नाही. तिथे एकच विचारायचं: याला भाषा येते का?

संध्याकाळी मासळीच्या लिलावाला जा आणि दिसेल त्याला सर्वनाम लावत चला.

१. एकच असेल तर
भाषा असणारा ‘ग़ाख़’, नसणारा ‘ओख़’. (ख़ घशातून खरवडून काढायचा.) तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ग़ाख़, मासे विकणारी बाईही ग़ाख़. होडी ओख़, टोपलीतली सुरमई ओख़. पाळण्यातलं बाळ अजून बोलत नसलं तरी ग़ाख़, कारण जात बोलणारी. पोपटाला मी ओख़ म्हणेन, त्याने कितीही ‘विठू विठू’ केलं तरी. आणि गाऱ्हाणं ऐकून कौल देणारा ग्रामदेव रवळनाथ? ग़ाख़च. गावात राहायचंय.

२. अनेक असतील तर
खलाशी ‘चाख़’, बांगडे, जाळी, दोर ‘बिख़’. नामाचा प्रत्ययही जुळवा: बोलणाऱ्यांना ‘पु’, बाकीच्यांना ‘मेय’. मूल पुक़, मुलं पुक़पु. मासा ग़ोति, मासे ग़ोतिमेय. अवयव कोणाचेही असोत, त्यांना ‘डु’ लागतो: मिन म्हणजे डोळा, मिनडु म्हणजे डोळे. मे महिन्यात चाकरमानी आले की अंगणभर पोरंच पोरं होतात, त्यांना मात्र पुक़मेय म्हणता येतं. माणसांना ‘मेय’ लावला की ‘इकडेतिकडे पसरलेली’ असा अर्थ निघतो. काही शब्द मुळातच अनेकवचनी असतात. ‘चा’ म्हणजे बरेच टॉर्पेडो, पण व्याकरण त्याला एकवचनी धरतं, म्हणून ओख़.

३. ‘माझा’ म्हणताना
इथे जपून. माझी होडी ‘डुजविज’, पण माझा मित्र ‘जुपवि’, शेवटी गळ्यात झटक्याने थांबायचं. मित्राला ‘जुपविज’ म्हटलंत तर व्याकरण मोडत नाही, माणूस दुखावतो. तुम्ही त्याला वस्तूंच्या रांगेत बसवलंत. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ला हा भेद नाही: डाज आणि चाज सगळ्यांना चालतात.

४. ‘आहे’ म्हणताना
क्लिंगॉनमध्ये ‘असणे’ हे क्रियापद नाही, ते काम सर्वनामच करतं. पुक़ ग़ाख़: ते मूल आहे. कशाबद्दल बोलतोय ते सांगायचं असेल तर ते नाम शेवटी येतं आणि त्याला ‘ए’ जोडतात: ग़ोति ओख़ बांगडाए, म्हणजे बांगडा हा मासा आहे. चुकीचं सर्वनाम सर्वांत आधी याच वाक्यांत उघडं पडतं. एरवी मराठीत नुसतं ‘आलो’ म्हटलं तरी भागतं, तसं तिथे क्रियापदाचा उपसर्गच कर्ता सांगतो, सर्वनाम गाळलं जातं, आणि उपसर्गाला बोलका-अबोल हा फरक कळत नाही. म्हणून सराव ‘आहे’च्या वाक्यांवरच करा.