युरो हॉकी टूर पहिल्यांदाच बघणार असाल तर एवढं माहीत असू द्या

आईस हॉकी बघायला शिकायचंय तर डायरेक्ट मे महिन्यातल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला हात घालू नका. तिथे १६ टीम्स, दोन-दोन शहरांत एकाच वेळी मॅचेस, कोण कुठल्या ग्रुपमध्ये हेच डोक्यात बसेपर्यंत अर्धी स्पर्धा उरकलेली असते. त्यापेक्षा युरो हॉकी टूर धरा. देश चारच, फिनलंड, स्वीडन, चेकिया आणि स्वित्झर्लंड, आणि हेच चौघं सीझनभर परत परत भिडत राहतात त्यामुळे जर्सी, चेहरे, कोण कसं खेळतं हे सगळं आपोआप ओळखीचं होत जातं.

टूर म्हणजे चार छोट्या स्पर्धा, प्रत्येक देशाची एक. नोव्हेंबरात फिनलंडचा कर्याला कप, डिसेंबरात स्वित्झर्लंड, फेब्रुवारीत स्वीडन आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या तोंडावर चेकिया, साधारण हा क्रम, पण तारखा दरवर्षी बघूनच घ्या, विशेषतः हिवाळी ऑलिंपिक असेल त्या वर्षी. एका स्पर्धेत प्रत्येकाची बाकी तिघांशी एकेक मॅच, म्हणजे सगळ्या मिळून सहा, तीन-चार दिवसांत खल्लास. जुनं काही वाचायला घेतलंत तर स्वित्झर्लंडच्या जागी रशिया दिसेल. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर आंतरराष्ट्रीय फेडरेशनने रशियाला बाहेर ठेवलं आणि २०२२-२३ पासून स्विस टीम आत आली.

पॉइंट्स सोपे आहेत. ६० मिनिटांत जिंकलात तर ३, ओव्हरटाईम किंवा शूटआऊटमध्ये जिंकलात तर २, तिथे हरलात तरी १. त्यामुळे टेबलमध्ये हरलेल्या टीमच्या नावावर पण पॉइंट दिसला तर तो बरोबर आहे.

नावं बघून निराश होऊ नका. एनएचएल या सगळ्यात मोठ्या लीगचा सीझन तेव्हा अमेरिका-कॅनडात जोरात चालू असतो, म्हणून चेकियाच्या पास्टरनाकसारखे तिथे खेळणारे स्टार इथे शक्यतो दिसत नाहीत, कोच लोक युरोपातल्या लीगमधली पोरं आजमावून बघतात. मला तर हीच टूरची खरी मजा वाटते, कारण मे मध्ये टीम जाहीर होते तेव्हा त्यातली चार-पाच नावं आपण आधीच हेरलेली असतात.

आता मॅच लावलीत की पहिली पाच मिनिटं पकच्या मागे डोळे पळवू नका, थकून जाल. पक म्हणजे अडीच सेंटीमीटर जाड रबराची चकती, वजन १६० ग्रॅमच्या आसपास, उसळू नये म्हणून मॅचआधी फ्रीज करून ठेवतात, आणि ती टीव्हीवर दिसते न दिसते. त्याऐवजी खेळाडू बघा. एका वेळी बर्फावर प्रत्येक टीमचे सहा, त्यात एक गोली म्हणजे गोलकीपर, आणि बाकीचे पाच जण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात आणि चालू खेळातच बाकावर उडी मारून बाहेर, नवे पाच आत. एखादी टीम आपल्याच भागात अडकली आणि तिला बदलायलाच मिळालं नाही की पाय जड झालेले स्पष्ट दिसतात, गोल बहुतेक तेव्हाच बसतो.

नियमांपैकी दोनच आधी शिका. ऑफसाईड म्हणजे समोरच्याच्या बाजूची निळी लाईन पकने आधी ओलांडायला हवी, माणसाने नाही. आईसिंग म्हणजे मधल्या लाल लाईनच्या अलीकडून पक सरळ पलीकडच्या टोकापर्यंत भिरकावून देणं, तसं केलं की खेळ थांबतो, फेसऑफ (दोन टीमच्या एकेका खेळाडूमध्ये पक टाकून खेळ परत सुरू करणं) पक भिरकावणाऱ्या टीमच्याच गोलजवळ होतो आणि त्या टीमला खेळाडू बदलता येत नाहीत, दमलेल्यांनीच उभं राहायचं.

आणि मग पॉवरप्ले, तो मात्र डोळ्यात तेल घालून बघा. कोणी फाऊल केला की २ मिनिटं बाहेर, गोली सोडून त्याच्या टीमचे चार विरुद्ध समोरचे पाच. कबड्डीत गडी कमी झाले की उरलेले जसे जपून, अंतर राखून उभे राहतात तसे हे चौघं गोलसमोर चौकोन करतात. पाच जणांची टीम बाहेरून पक फिरवत राहते पण तुम्ही बघा तो गोलीच्या अगदी नाकासमोर उभा असलेला माणूस, तो धक्के खातो, स्टिकचे फटके खातो, हलत नाही, कारण गोलीला पक दिसू न देणं हेच त्याचं काम. लांबून शॉट येतो, याच्या स्टिकला जरासा लागून दिशा बदलतो आणि आत. स्लो मोशनमध्ये एकदा बघितलंत की पुढच्या वेळी लाईव्ह पण दिसायला लागतं.

टीम कुठली धरायची तर मन लागेल ती. स्वीडन म्हणजे त्रे क्रूनूर, छातीवर तीन मुकुट. फिनलंड सिंह, शिस्तीत खेळणारे, २०२२ मध्ये ऑलिंपिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप दोन्ही त्यांचं. चेकियाने २०२४ ला प्राग मध्ये घरच्या लोकांसमोर गोल्ड घेतलं, तेही स्वित्झर्लंडला हरवून. आणि स्विस, २०१३, २०१८, २०२४, २०२५ चारही फायनल हरले तरी परत येतात, माझा जीव त्यांच्यावर आहे.

वेळेचं म्हणाल तर हिवाळ्यात फिनलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि बाकीचे तिघं साडेचार, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसहाची मॅच आपल्याकडे रात्री दहा किंवा अकराला. तिकडेच राहत असाल, झुरिक, स्टॉकहोम, हेलसिंकी कुठेही, तर तिकीट काढाच, पण काचेला चिकटून खालची सीट घेऊ नका, थोडी वरची घ्या, अख्खं मैदान एका नजरेत आलं तरच पाच-पाच जणांची हालचाल कळते. आत थंडी असते, जॅकेट काढून ठेवू नका. २०-२० मिनिटांचे तीन पिरियड, मध्ये दोन ब्रेक.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली आणि एक गोलचाच फरक असेल तर पार्किंगच्या गर्दीला घाबरून उठू नका. मागे असलेली टीम गोलीला बाकावर बोलावते आणि सहावा अटॅकर आत पाठवते, गोल पूर्ण रिकामा सोडून.