खिशात कुठला चाकू, सॅकमध्ये कुठला, आणि कोयता कधी

पावसाळा तोंडावर आला की "ट्रेकसाठी चांगला चाकू सुचवा" हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरात लगेच काळ्या पात्याचे, पाठीवर करवतीसारखे दात असलेले, मुठीत होकायंत्र बसवलेले सुरे सुचवले जातात. तसला घेऊ नका. पोकळ मूठ जोर दिला की पात्यापासून निखळते, पाठीवरच्या त्या दातांनी लाकूड कापत नाही नुसतं ओरखडतं, आणि होकायंत्र कुठली दिशा दाखवेल ते त्याचं त्यालाच माहीत.

आधी कापणार काय ते ठरवा. रोजच्या जगण्यात काय कापतो आपण, तर पार्सलची चिकटपट्टी, केबल टाय, सुतळी, डब्यातलं सफरचंद. ट्रेकला कांदा, काकडी, लिंबू, मॅगीचं पाकीट, तंबूची दोरी, बँडेजची पट्टी, आणि पायात गेलेला काटा काढायचा असतो (तो चाकूने नाही, चिमट्याने). यातल्या एकाही कामाला तीन इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. अर्धी कामं तर कात्रीने जास्त चांगली होतात, पण कात्री दाखवून कुणावर इंप्रेशन पडत नाही म्हणून ती कुणी सुचवत नाही.

कायद्याचं आधी बघून घ्या

हे कंटाळवाणं वाटतं पण इथेच लोक अडकतात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. म्हणजे घरातली मोठी सुरी आणि शेतातला कोयता चालतो. पण याचा अर्थ तोच कोयता बाईकला लावून रात्री अकराला डेक्कनवरून जाता येईल असा नाही. पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात काठ्या, सोटे, भाले, तलवारी यांच्या रांगेत सुरेसुद्धा असतात, आणि पुण्यात कोयता गँगचं प्रकरण गाजल्यापासून नाकाबंदीत कोयता सापडला तर "साहेब ट्रेकला चाललोय" हे कुणी ऐकून घेईल असं धरून चालू नका. छोटा फोल्डिंग चाकू, सॅकच्या आत, जेवणाच्या डब्याबरोबर, एवढं ठेवलं तर सहसा कुणी विचारत नाही. कमरेला लटकवून लोकलमध्ये चढू नका. खटका दाबला की उघडणारे, रामपुरी छापाचे चाकू तर घेऊच नका, त्यांचा कांदा कापायला काही उपयोग नाही आणि बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट येते.

दुसरी गोष्ट ट्रेकर्सनाही बऱ्याचदा माहीत नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला परवानगी लागते, आणि त्या कायद्याच्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा आहे. भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, गोव्यात मोले आणि म्हादई हे सगळं या कायद्याखाली येतं. भाजी कापायच्या सुरीवरून फॉरेस्टवाले भांडत नाहीत, पण कोयता किंवा कुऱ्हाड दिसली तर विचारणारच, आणि त्यांचं बरोबरच आहे. गार्ड म्हणाला चौकीवर ठेवून जा, तर ठेवून जा, वाद घालू नका. विमानाने जाणार असाल तर चाकू, मल्टिटूल (पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर एकात असलेलं घडीचं हत्यार) सगळं चेक-इन बॅगेत, केबिन बॅगेतला सिक्युरिटीवर काढून घेतात आणि परत मिळत नाही.

खिशातला

नव्या माणसाला मी डोळे मिटून स्विस आर्मी चाकू सांगतो. तो बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स १८८४ पासूनची कंपनी, त्याचं मूळ असलेला ऑफिसर चाकू १८९७ चा, आणि त्यात फारसं काही बदलायची गरज पडलेली नाही यातच काय ते आलं. रोजच्या खिशाला ५८ मिलिमीटरवाला क्लासिक, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो, छोटं पातं, कात्री, चिमटा, बास. ट्रेकला ९१ मिलिमीटरचा हंट्समन, कारण त्यात करवत आणि कात्री दोन्ही आहेत आणि ती करवत दिसायला खेळण्यातली वाटली तरी अंगठ्याएवढी वाळकी फांदी आरामात कापते. कॉर्कस्क्रूचा आमच्यात एकच उपयोग, ओल्या दोरीची गाठ सोडवणे, पण तो फार चांगला होतो.

या चाकूंना लॉक नसतं, पातं नुसतं स्प्रिंगवर उभं राहतं. म्हणून टोकाने भोसकणे, भोक पाडणे असली कामं त्याने करायची नाहीत, पातं मिटलं की बोटावर येतं. भोक पाडायला त्यातच टोच्या दिलेला असतो तो वापरा, पण तोही मिटतो हे लक्षात ठेवून. लॉकवाला हवा असेल तर लायनर लॉक (मुठीतली पट्टी सरकून पात्यामागे अडते) किंवा बॅक लॉक (मुठीच्या पाठीवरचा खटका दाबल्याशिवाय पातं मिटत नाही) बघा. दुकानात उघडून पातं वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं, खडखड जाणवली तर तसाच परत द्या. पाठ जाड पुस्तकावर हलकेच आपटून बघायची, बोटं मिटण्याच्या वाटेत न ठेवता, आणि लॉक सुटला तर तो चाकू फुकटही घेऊ नका.

फ्रेंच ओपिनेल बऱ्याच जणांना आवडतो, आठ नंबरचा, साडेआठ सेंटिमीटर पातं, पातळ, हलका, भाजी आणि फळं कापायला याच्याइतका मस्त चाकू या किमतीत नाही. पण लाकडी मूठ आहे, आणि सह्याद्रीतल्या जुलैत ती फुगते आणि पातं खाचेत घट्ट बसून राहतं, बाहेरच येत नाही. मुठीचा मागचा कोपरा दगडावर ठोकला की पातं थोडं बाहेर येतं, ही जुनी युक्ती. तरी पावसाळ्यात त्याला घरी ठेवा, ऑक्टोबरनंतर न्या. घ्यायचा तर इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस, लिहिलेला घ्या, कार्बनवाला कोकणात दोन दिवसांत तांबूस पडतो.

मल्टिटूल कुणी घ्यावं? ज्याच्याकडे बाईक किंवा सायकल आहे, स्टोव्ह उघडून साफ करावा लागतो, किंवा ऑफिसात सगळे ज्याला स्क्रू ड्रायव्हर मागतात त्याने. पक्कड लागत असेल तरच, नाहीतर पाव किलो वजन उगाच बाळगायचं. फुटपाथवर मिळणाऱ्या नकली मल्टिटूलची पक्कड पहिल्या घट्ट नटलाच वाकते.

सॅकमधला बिनफोल्डिंगचा

इथे माझं मत सरळ आहे, स्वीडनचा मोरा कंपॅनियन. पातं दहा सेंटिमीटरच्या थोडं वर, जाडी अडीच मिलिमीटर, रबरी मूठ ओल्या हातातून सटकत नाही, प्लॅस्टिकचं म्यान पाण्याने धुता येतं. त्याचा टँग, म्हणजे मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग, पूर्ण लांबीचा नाही म्हणून इंटरनेटवरचे वीर नाकं मुरडतात. अरे पण तुम्ही चाकूवर दगड मारून ओंडके फोडणार आहात का? फोडणार असाल तर तुम्हाला चाकू नकोय, कोयता हवाय. पाच मिलिमीटर जाडीचे ते लष्करी दिसणारे सुरे टोमॅटो कापत नाहीत, चेंगरतात.

स्टीलच्या नावांनी घाबरायचं काही कारण नाही. १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही यातलं काहीही असलं तरी आपल्या कामाला पुरतं. डी२ ला लोक स्टेनलेस समजतात, तो पूर्ण तसा नाही, त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनबरोबर अडकून बसतं आणि गंजाशी लढायला थोडंच उरतं, म्हणून समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी जरा विचार करावा. कडकपणा ५६ ते ५८ एचआरसी (रॉकवेल, कडकपणा मोजायचं माप) असला की धार बरी टिकते आणि घरच्या दगडावर परत लावताही येते. पॅकेटवर नुसतं "सर्जिकल स्टील" लिहिलेलं असलं आणि नंबर नसला तर पुढच्या दुकानात जा.

कोयता, आणि तो कुठून घ्यायचा

आता खरी गंमत इथे आहे. ज्याची वाडी आहे, गावी घर आहे, शेताचा बांध साफ करायचा असतो, त्याने ऑनलाइन मिळणारे मॅचेटी (परदेशी धाटणीचे कोयते) बघत बसू नये. रायगड-रत्नागिरीत जा, माणसं कमरेच्या दोरीला मागे लाकडी आकडी बांधतात आणि आकडीत कोयता अडकवतात, दोन्ही हात मोकळे, झाडावर चढताना अडचण नाही, उतरताना टोचत नाही. याच्यापेक्षा सुटसुटीत सोय कुठल्या महागड्या म्यानात मी पाहिलेली नाही.

कोयतेही सगळे एक नसतात. ऊसतोडीचा पातळ आणि हलका, दिवसभर हात चालला पाहिजे म्हणून. नारळ-शहाळ्याचा जड, वजनाने घाव बसतो. कोकणातल्या काही कोयत्यांचं टोक आत वळलेलं असतं, त्याने झुडूप ओढून धरता येतं आणि घाव चुकला तर टोक दगडावर आपटत नाही. आपलं काम कुठलं ते लोहाराला सांगायचं, तो विचारतोच. आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी लोहारांकडे गाडीच्या कमानपाट्याचा कोयता करून मिळतो का बघा, ते स्टील मुळात स्प्रिंगचं, चिवट असतं, चांगलं पाणी दिलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलं, तर वर्षानुवर्षं चालतं.

पाणी नीट बसलंय का ते बघायला कानस न्या. धारेवर कानस जरा घसरली पाहिजे, थोडीच चावली पाहिजे, आणि पाठीवर सहज चावली पाहिजे. धार पाठीइतकीच मऊ असली तर पहिल्या बाभळीलाच वळणार, फारच काचेसारखी कडक असली तर गाठीवर खाच पडणार. मूठ बघताना शेपूट (मुठीत जाणारा पात्याचा भाग) मुठीच्या आरपार जाऊन मागे वळवलेलं असलं तर उत्तम, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं असलंच पाहिजे, नाहीतर लाकूड चिरतं. भाव करताना फार घासाघीस करू नका राव, भाता मारणारा आणि घण मारणारा दोघांचा दिवस त्यात असतो.

आणि ट्रेकला कोयता? नाही. वाटेतल्या कारवीवर तो चालवायची काही गरज नाही, हाताने बाजूला होते. जंगलातलं जिवंत झाड तोडणं गुन्हा आहे. शेकोटीची परवानगी असलेल्या जागी खाली पडलेल्या वाळक्या फांद्या असतात, त्यांना छाटणीची घडीची करवत पुरते. ही कृषी सेवा केंद्रात मिळते, तिथेच सिकेटर (छाटणीची कात्री) आणि कलमं बांधायचा चाकूही असतो, आणि तो कलमाचा चाकू पातळ, धारदार, स्वस्त असतो, रोजच्या वापरालाही छान चालतो.

दोरीवर असताना

धबधब्यात रॅपलिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे दोरीवरून उतरणाऱ्यांसाठी, वेगळं सांगतो. ताणलेल्या दोरीला धार नुसती टेकली तरी ती तुटते, खरंच टेकली तरी. केस किंवा टीशर्ट डिसेंडरमध्ये (दोरीवरून उतरताना वेग आवरणारं साधन) अडकला आणि माणूस घाबरून चाकू काढतो, आणि ज्या दोरीवर लटकतोय त्याच दोरीजवळ चालवतो, हे सगळ्यात भयंकर. आधी वजन दुसऱ्या दोरीवर किंवा प्रुसिकवर (मुख्य दोरीला आवळून बसणारा दोरीचा फास) घ्या, मग अडकलेलं कापा. इथे टोकदार चाकू नकोच. बोथट टोकाचा, किंवा हुकासारखा ज्याची धार आतल्या बाजूला असते तो घ्या, गाडीतला सीट बेल्ट कापायलाही तसलाच चांगला. पेट्झल कंपनीच्या स्पाथा चाकूला कॅराबिनर (झडपेची कडी) घालायला भोक असतं, तसा कुठलाही चालेल, पण हार्नेसला (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याला) अडकवलेला आणि एका हाताने उघडणारा हवा.

धार आणि निगा

बोथट चाकूने जास्त कापून घेतात लोक, कारण जोर लावावा लागतो आणि सटकतो. दोन बाजूंचा दगड घ्या, एक बाजू चारशेच्या आसपास, दुसरी हजारच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). कोन साधारण २० अंश. मोजायला पातं दगडावर काटकोनात उभं धरा, निम्म्यावर आणा, परत निम्म्यावर आणा, साडेबावीस झाले, त्याहून किंचित खाली. मोराला हे काही करावं लागत नाही, त्याची रुंद तिरकी बाजू दगडावर सपाट टेकवली की कोन आपोआप येतो. घासत राहायचं जोवर दुसऱ्या बाजूला नखाला बारीक कड लागत नाही, मग बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढून घ्यायचं. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाचा बुडाचा खरखरीत कडा चालतो, ट्रेकला तोच कामाला येतो. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी आणि कात्री द्या, पण पातळ चाकू देऊ नका, त्या चाकावर पातं तापतं आणि पाणी उतरतं.

लिंबू, कैरी, चिंच कापली की लगेच पुसायचं. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्महिने ठेवायचा नाही, चामडं दमट राहतं आणि पात्याला गंज लावतं. घरी आल्यावर फोल्डिंगवाला उघडा ठेवून वाळवा, सांध्यात तेलाचा एक थेंब, आणि पात्यावर खोबरेल चालतं कारण त्यानेच उद्या काकडी कापायची आहे. शिलाई मशीनचं तेल फक्त सांध्यात.