वर्ग सांभाळून स्वतःचे नृत्य कसे टिकवावे

पुण्यात कथक किंवा भरतनाट्यम शिकवणाऱ्या शिक्षिकेचा कामाचा दिवस साधारणपणे शाळा सुटण्याच्या वेळेला सुरू होतो. आधी लहान मुलींची बॅच, मग परीक्षेला बसणाऱ्यांची आणि शेवटी नोकरीवरून थेट वर्गात येणाऱ्या स्त्रियांची, असे करता करता रात्रीचे साडेआठ-नऊ वाजतात. या व्यवस्थेत घर चालते, विद्यार्थिनी घडतात, वर्गाचे नाव होते. मात्र काही वर्षांनी त्याच शिक्षिकेवर एकल कार्यक्रमाची वेळ आली, तर तासभर सलग नाचण्याची ताकद आणि नवे काही बसवण्याची सवय या दोन्ही गोष्टी हातून निसटलेल्या असतात. पुढील विवेचन अशा शिक्षिकांसाठी आहे. परिभाषा कथकची वापरली आहे. भरतनाट्यमच्या शिक्षिकांनी तत्काराच्या (पायांच्या मूलभूत कामाच्या) जागी अडवू आणि तिहाईच्या (तीनदा म्हणून तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, संपणाऱ्या बोलांच्या) जागी तीर्मानम वाचावे, मुद्दा तोच राहतो.

सर्वप्रथम एक समजूत सोडून द्यावी लागते. शिकवता शिकवता रियाज होतोच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि ते खरे नाही. वर्गातील लय विद्यार्थिनींच्या कुवतीची असते. त्यांच्याकडे तोंड करून शिकवताना त्यांचा उजवा हात तो आपला डावा होतो, त्यामुळे कित्येक रचना शरीराला उलट्या बाजूने पाठ होतात. तोंडाने बोल म्हणायचे, डोळ्यांनी वीस जणींची पावले पाहायची आणि तालाच्या दर दोन फेऱ्यांनी, म्हणजे आवर्तनांनी, कोणाचा तरी हस्तक (हाताची ठेवण) सुधारण्यासाठी थांबायचे, अशा अवस्थेत सलगपणा राहणे शक्यच नसते. शिवाय एखादी चक्कर दाखवण्यासाठी आपण न तापलेल्या शरीराने एकदम उठतो, आणि घोट्याच्या व गुडघ्याच्या तक्रारींना तेथून निमंत्रण मिळते. शिकवण्यामुळे समज वाढते, यात शंका नाही. पण समज आणि अंगाची तयारी यांचे हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात. कथक नर्तिका व गुरू रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली आणि त्यानंतरही लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. शिष्या घडवणारी व्यक्ती स्वतः शिकत राहिली, हे या शहरातील कथकच्या इतिहासात सुरुवातीलाच नोंदलेले आहे.

वेळ काढण्यापूर्वी वर्षाचा आराखडा कागदावर मांडावा. जूनमध्ये नवे प्रवेश, आषाढात गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, पाठोपाठ गणेशोत्सव आणि नवरात्र, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, त्याच सुमारास शाळांची स्नेहसंमेलने आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा परीक्षा, असे हे चक्र असते. यात मोकळ्या जागा दोनच सापडतात: गुरुपौर्णिमा उरकल्यापासून गणपती येईपर्यंतचे दिवस, आणि फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ. नव्या रचनेचे जड काम, म्हणजे वादकांबरोबरच्या तालमी आणि प्रत्यक्ष बसवणे, या दोन काळांतच ठेवावे. डिसेंबरात नवी निर्मिती करण्याचा संकल्प सोडणे उत्तम, कारण त्या महिन्यात नृत्यदिग्दर्शकाचे डोके चाळीस मुलांच्या रांगा आणि पोशाखवाल्याचे फोन यांतच गुंतलेले असते.

रोजच्या रियाजासाठी सकाळची ४५ मिनिटे पुरतात, अट एवढीच की ती ठरलेल्या वेळी आणि एकट्याने घालवलेली असावीत. पहिली १० मिनिटे घोटे, पोटऱ्या, तळपाय आणि कंबर यांना द्यावीत. पुढची १५ मिनिटे लहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावून तत्कार करावा: लहऱ्याची लय न बदलता बरोबर (एकपट), दुगुन (दुप्पट), चौगुन (चौपट) आणि पुन्हा बरोबरीवर परत. परत येणे हा यातील कठीण भाग आहे. चौगुनीतून उतरताना लय ओढली जाते की ढिली पडते, हे स्वतःच्या कानाने तपासावे. उरलेल्या २० मिनिटांत थाटापासून (सुरुवातीच्या उभ्या ठेवणीपासून) पुढे जे हाताशी असेल ते न थांबता नाचावे. चूक झाली तरी थांबू नये, कारण थांबण्याची सवय वर्गाने लावलेली असते आणि तीच मोडायची असते. आठवड्यातून एकदा मोबाइलवर चित्रीकरण करून ते दुसऱ्या दिवशी पाहावे. त्याच दिवशी पाहिल्यास आपण स्वतःशी एक तर फार कठोर होतो किंवा फार उदार.

जमिनीचा प्रश्न किरकोळ समजू नये. फ्लॅटमधील फरशी सिमेंटच्या थरावर घट्ट बसवलेली असल्याने ती पायाच्या आघाताला जराही दबत नाही आणि तो आघात नडगी व गुडघ्याकडे परत येतो. खाली रबराची मॅट आणि वर ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तक्ता अंथरल्यास पायाला आणि खालच्या मजल्याला, दोघांनाही आराम मिळतो. मॅट सरकत नाही याची खात्री करून घ्यावी आणि तक्त्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. खालच्या कुटुंबाशी आधी बोलून वेळ ठरवावी. ठरलेल्या वेळचा आवाज लोक बऱ्यापैकी सहन करतात. अवेळी वाजलेले घुंगरू मात्र थेट सोसायटीच्या बैठकीत पोहोचतात.

पढंतीसाठी, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याच्या सरावासाठी, वेगळा वेळ लागत नाही. आपल्याकडे दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधण्याची जी पद्धत आहे, तिचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: सिग्नलला थांबल्यावर परण (पखवाजाच्या बोलांची रचना) पुटपुटली तरी शेजारच्या गाडीवाल्याला पत्ता लागत नाही. गाडी चालू असताना मात्र बोल मनातसुद्धा म्हणू नयेत.

आता रचनेकडे वळू. शिकवण्याची वही आणि स्वतःची वही वेगळी असावी. स्वतःच्या वहीत प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि भातखंडे पद्धतीने विभाग पाडून समेची, टाळीची व खालीची (टाळी न देण्याच्या जागेची) खूण करूनच बोल लिहावेत. नुसते चित्रीकरण पुरेसे नसते, कारण त्यात काय घडले तेवढेच दिसते. पाऊल अमुक मात्रेवर का उचलले, हे लिहून ठेवल्याशिवाय सहा महिन्यांनी आठवत नाही. या वहीत वर्गातल्या चुकाही याव्यात. एखादी मुलगी समेला थोडी उशिरा पोहोचते आणि ते उशिरा येणे डोळ्याला विलक्षण गोड वाटते. तिची चूक तिथल्या तिथे सुधारावी, पण आपल्या वहीत ती जपून ठेवावी. वर्गातून निर्मितीला मिळणारे खरे साहित्य या स्वरूपाचे असते.

कोरे पान समोर असताना मोठ्या विषयापासून सुरुवात करू नये. ऋतू, नायिका, नदी असे विषय घेऊन बसल्यास बहुतेक वेळा आधी पाहिलेलेच हातांत उतरते. त्यापेक्षा एक लहान बंधन घालून घ्यावे. ‘तिगदा दिगदिग थेई’ हा तीन मात्रांचा परिचित तुकडा घ्यावा आणि समेपासून उठून पुढच्या समेवर येणारी दमदार तिहाई (जिच्या तीन आवृत्त्यांमध्ये दम, म्हणजे विराम, असतो ती) वेगवेगळ्या तालांत बांधावी. तिहाईचा शेवटचा ‘थेई’ समेवर पडायचा असल्याने एकूण लांबी आवर्तनापेक्षा एका मात्रेने जास्त लागते. झपतालात ती ११ मात्रांची होते. तीन वेळा तीन म्हणजे ९ मात्रा बोलांत जातात आणि उरलेल्या दोन मात्रा दोन दमांत वाटल्या की प्रत्येक दम एका मात्रेचा होतो. एकतालात हाच दम दोन मात्रांचा, धमारात तीन मात्रांचा आणि त्रितालात चार मात्रांचा होतो. तुकडा एकच, पण दम वाढत जातो.

गणित येथे संपते आणि नृत्याला सुरुवात होते. झपतालातील एका मात्रेच्या दमात श्वास घेण्यापलीकडे काही करता येत नाही, त्यामुळे ती तिहाई धावती आणि अधीर वाटते. त्रितालातील चार मात्रांत मान वळवता येते, दोन पावले चालता येते, किंवा काहीच न करता उभे राहता येते, आणि यांपैकी काय निवडले यावर तीच तिहाई वाट पाहणाऱ्या स्त्रीची होते, रुसलेल्या मुलाची होते किंवा निव्वळ लयीची राहते. माझ्या मते, नव्याने रचना करणाऱ्या नर्तिकेने पहिला महिना फक्त दमांवर काम करावे. बोल तिला गुरूंकडून भरपूर मिळालेले असतात. दोन बोलांमधली जागा मात्र तिची स्वतःची असते. रोज एक दम वेगळ्या रीतीने भरावा, वहीत नोंदवावा आणि आठवड्याच्या शेवटी जे निरर्थक वाटेल ते निःसंकोचपणे खोडावे.

साहित्य शोधताना मराठीकडे पाहण्याचा संकोच करू नये. भरतनाट्यम नर्तिका सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठा राजांच्या मराठी रचना भरतनाट्यमच्या रंगमंचावर आणल्या आणि हिंदुस्थानी संगीतावर आधारलेली ‘नृत्यगंगा’ ही संकल्पना मांडली. गवळण, ओवी, अभंग यांची छंदोबद्ध लय कथकच्या मात्रांत बसवताना शब्द ताणले जात नाहीत ना, हे आधी नुसते वाचून पाहावे. वाचताना जो शब्द अडतो, तो नाचतानाही अडतो.

तबलावादक आणि संवादिनीवादक यांना पहिल्या तालमीपूर्वी पढंतीचे ध्वनिमुद्रण आणि वहीतील पानाची छायाप्रत पाठवावी. मानधन कार्यक्रमाचे आणि तालमींचे वेगवेगळे ठरवावे आणि ते आधीच सांगावे. पहिले सादरीकरण बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात ठेवण्याचा मोह टाळावा. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रेक्षक जवळ असतो, दमातली मानेची हालचाल त्याला दिसते, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही हे आपल्यालाही लगेच कळते.

वहीवरील तारखांचा आणखी एक उपयोग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेचा समावेश नाट्यकृतीमध्ये केलेला आहे, परंतु त्यासाठी ती लिखित किंवा अन्य स्वरूपात निश्चित केलेली असावी लागते. केवळ अंगात असलेल्या रचनेवर हक्क सांगणे त्यामुळे अवघड जाते. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रित गाणे तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वापरायचे असल्यास शब्द व चाल यांचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात, हे लक्षात घेऊन दोन्हींची परवानगी आधी घ्यावी.

नवी रचना विद्यार्थिनींना लगेच शिकवू नये. ती किमान दोनदा स्वतः सादर करून झाल्यावर मोठ्या बॅचला द्यावी, अन्यथा तिची लय वर्गाच्या लयीवर येऊन थांबते आणि पुढे वाढत नाही. देताना चौगुनीची दुगुन केली तरी चालेल, कठीण चक्कर गाळली तरी चालेल; दम मात्र आहे तेवढाच ठेवावा आणि तो कशाने भरायचा, हे प्रत्येक मुलीला स्वतः ठरवू द्यावे.