सॉफ्टवेअरचा न दिसणारा लाभ कसा मोजावा

औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याने बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर घेतले, की वर्षअखेरीस प्रश्न एकच निघतो: किती माणसे कमी झाली? उत्तर ‘एकही नाही’ असे आले, की पैसे वाया गेले असे ठरते. वस्तुतः अशा खर्चाचा लाभ उधारीत आणि साठ्यात मुरलेला असतो. तो शोधायचा, तर सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वीच्या निदान वर्षभराच्या नोंदी जपून ठेवाव्यात, कारण नंतर आठवणीने लिहिलेले आकडे खर्च करणाऱ्याच्याच बाजूने झुकतात.

सुरुवात उधारीपासून करावी. समजा, वर्षाची उधार विक्री 3 कोटी 65 लाख रुपये, म्हणजे रोजची एक लाख आहे. थकबाकीची यादी रोज सकाळी वसुलीला जाणाऱ्याच्या हाती पडू लागल्याने वसुलीचा सरासरी काळ 60 दिवसांवरून 52 वर आला, तर 8 लाख रुपये मोकळे होतात. मात्र हे 8 लाख नफा नव्हेत. कॅश क्रेडिटचा, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या खेळत्या कर्जाचा, व्याजदर 11 टक्के असेल, तर वर्षाला वाचलेले 88 हजारांचे व्याज एवढाच लाभ मांडावा. मुद्दल आणि व्याज दोन्ही जमेस धरण्याची चूक भलेभले करतात.

मुदतबाह्य मालाचा हिशेब रॅकपाशी उभे राहून करावा. नवा माल पुढे रचला जातो, मागचे खोके तसेच राहते आणि त्याला हात लागतो तेव्हा कंपनीकडे परत पाठवण्याची वेळही टळलेली असते. बॅचनुसार सूचना मिळू लागल्यावर असा अंगावर पडलेला माल खरेदी किमतीने किती घटला, ते पाहावे.

जीएसटीतही लाभ दडलेला असतो. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने विवरणपत्रात न दाखवलेल्या बिलाचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. आपली खरेदीची बिले आणि पुरवठादारांची विवरणपत्रे यांच्या जुळवणीत अशी बिले सापडून, पाठपुराव्याने प्रत्यक्ष पदरात पडलेली रक्कमच मोजावी.

वाचलेल्या वेळेबाबत हात आखडता घेतलेला बरा. कारकुनाचा रोजचा तास वाचला, पण त्या तासात दुसरे काम झाले नाही, तर त्याची किंमत शून्य.

त्याच काळात वसुलीला नवा माणूस ठेवला असेल, तर सगळे श्रेय सॉफ्टवेअरला देता येत नाही. दोन गोदामे असल्यास ते आधी एकाच ठिकाणी बसवून दोन्हींची तुलना करावी. शेवटी वार्षिक देखभालीबरोबरच, सुरुवातीला वही आणि संगणक अशा दुहेरी नोंदींत गेलेल्या श्रमांचा खर्चही वजा करावा.