फिल्डवर्कला निघालात? या चुका टाळा

आठवड्यातले दोन दिवस वस्तीत किंवा दवाखान्यात, बाकीचे वर्गात. आपल्याकडच्या बहुतेक समाजकार्य महाविद्यालयांत फिल्डवर्क असंच चालतं. त्यात पहिल्या महिन्यातच हमखास होणारी चूक म्हणजे आश्वासन. "काकू, ऑपरेशनचं करून देतो तुमचं." तुम्ही धीर द्यायला बोलता, काकू मात्र त्या भरवशावर राहतात आणि पुढच्या खेपेला शेजारणीलाही घेऊन बसतात. त्यापेक्षा माहिती द्या: महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा, रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत न्या. हवं तर पहिल्यांदा बरोबर जा. पण मंजुरी आपल्या हातात नाही, हे स्पष्ट सांगा. शब्द आधीच देऊन बसला असाल तर ती गल्ली टाळू नका; जाऊन सांगा आणि सुपरवायझरच्या कानावर घाला.

दुसरं दुखणं रिपोर्टचं. "कुटुंब अशिक्षित असून घरात अस्वच्छता आढळली." यातून कळतं ते तुमचं मत, घर नाही. हेच असं लिहा: "अकराच्या सुमारास गेले. एकच खोली, मोरीत नळ नाही. पाणी गल्लीतल्या नळाला पहाटे येतं, तेव्हा आई कामावर निघालेली असते." आता आयसीत, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत, बोलायला काहीतरी आहे. आणि रिपोर्ट त्याच संध्याकाळी लिहा. रविवारी रात्री एकदम लिहिलेले चार रिपोर्ट चटकन ओळखू येतात. सगळ्यांत भाषा एकच, माणसं मात्र गायब.

आरोग्याच्या विद्यार्थ्यांची नेहमीची गफलत दंडघेर मोजताना होते. खांदा आणि कोपर यांचा मध्य काढताना हात कोपरात वाकवायचा, खूण करायची. पण घेर घेताना डावा हात सैल, सरळ सोडलेला हवा. बरेच जण वाकवलेल्या हातावरच पट्टी गुंडाळतात. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला की ते तीव्र कुपोषित धरतात, 11.5 पासून 12.5 च्या आत मध्यम. दोन-चार मिलिमीटरच्या चुकीने बाळाचा गट बदलतो. शंका आली तर अंगणवाडीताईंसमोर पुन्हा मोजा. त्यांच्या रजिस्टरमधले आकडे उतरवून घेणं म्हणजे मोजणं नव्हे.

गुपिताबाबत दोन टोकाच्या चुका दिसतात. एक, रुग्णाचा फोटो किंवा केसपेपर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे. दुसरी, मूल काही सांगू लागताच "कुणालाच सांगणार नाही" असं वचन. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो, 2012 या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. त्यामुळे तसं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, उलटतपासणी घेऊ नका आणि त्याच दिवशी सुपरवायझरला फोन करा, पुढच्या आयसीची वाट बघू नका.

होम व्हिजिटला आशाताईंना डावलून जाऊ नका. कुठल्या घरी बाळंतीण आहे, कुठे नवरा दुपारी पिऊन असतो, हे त्यांना ठाऊक असतं.

एजन्सी, म्हणजे फिल्डवर्कसाठी मिळालेली संस्था, नुसती झेरॉक्स काढायला लावते, ही तक्रार बरीचशी खरीच असते. पण ती कॅन्टीनमध्ये करून उपयोग नाही. कोणत्या तारखेला काय काम दिलं ते रिपोर्टमध्ये नोंदवा आणि कॉलेजच्या सुपरवायझरना एजन्सीत प्रत्यक्ष बोलायला सांगा, तेही सत्र अर्धं संपायच्या आत.