व्यवस्थापन पदवीच्या अध्ययन निष्पत्ती कशा मोजाव्यात

सुरुवात गुणपत्रिकेपासून करू नका. वित्त विषयात वर्गाची सरासरी 62 आली, तर त्या 62 मध्ये हजेरी, पाठांतराचे प्रश्न, वेळेवर दिलेली असाइनमेंट आणि गटाच्या सादरीकरणाचे गुण सगळंच मिसळलेलं असतं. ताळेबंद वाचता येणारा आणि न येणारा असे दोघेही 62 मिळवू शकतात. अध्ययन निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं ते. तिच्या मूल्यमापनात प्रश्न वेगळा असतो: पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकडीला अमुक एक गोष्ट करता येते का, आणि येत नसेल तर अभ्यासक्रमात कुठे उणीव आहे? व्यवस्थापन शिक्षणाला अधिस्वीकृती देणारी एएसीएसबीसारखी संस्थासुद्धा यासाठी विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाचा पुरावा मागते. विषयाच्या एकूण गुणांवर तिचं समाधान होत नाही.

निष्पत्ती थोड्या ठेवा, पण मोजता येतील अशा लिहा

संपूर्ण पदवीसाठी पाच ते सात निष्पत्ती पुरेत. पंधरा लिहिल्या की त्या फक्त फाइलीत राहतात, कारण तेवढ्या मोजायला कोणाकडे वेळ नसतो. ‘विद्यार्थ्याला नैतिकतेची जाणीव होते’ हे वाक्य मोजता येत नाही. जाणीव झाली हे कशावरून ओळखायचं? ‘दिलेल्या व्यावसायिक प्रसंगात कोणाकोणाच्या हिताला धक्का बसतो हे ओळखून विद्यार्थी आपल्या निर्णयाचं समर्थन करतो’ हे मोजता येतं. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची शैक्षणिक उद्दिष्टांची 1956 ची वर्गवारी आणि तिची 2001 ची सुधारित आवृत्ती क्रियापद निवडायला उपयोगी पडते. सुधारित आवृत्तीतल्या पायऱ्या अशा: आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. मात्र प्रत्येक निष्पत्ती ‘निर्मिती’वर नेऊन ठेवायची गरज नाही. एका वाक्यात दोन कौशल्यं आली असतील, उदाहरणार्थ ‘प्रभावी संवाद साधतो आणि संघाचं नेतृत्व करतो’, तर तिथेच दोन वाक्यं करा. नाहीतर विद्यार्थी एकात उत्तम आणि दुसऱ्यात कच्चा निघाला की कोणता शेरा द्यायचा, यावर परीक्षक अडतात.

मग तक्ता करा. डावीकडे निष्पत्ती, वर विषय, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: ओळख, सराव किंवा मोजणी. लागू नसेल तिथे चौकट रिकामी. हा तक्ता अभ्यासक्रम-पुस्तिकेवरून भरू नका, गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि असाइनमेंट समोर ठेवून भरा. पुस्तिकेवरून भरला की जवळपास प्रत्येक चौकटीत खूण पडते आणि तक्त्यातून काहीच कळत नाही. प्रश्नपत्रिकांवरून भरला की खरी भोकं दिसतात. नैतिकतेची बऱ्याचदा पहिल्या वर्षी ओळख होते, सराव कुठेच होत नाही आणि शेवटच्या वर्षी एकदम मोजणी होते. असा निकाल कमी आला तर नवल नाही, आणि तो दोष विद्यार्थ्यांचा नाही.

मोजणी कशात करायची

शेवटच्या वर्षाचा सक्तीचा विषय निवडा. ऐच्छिक विषयात फक्त तो निवडणारे विद्यार्थी येतात आणि निकाल एका बाजूला झुकतो. वेगळी परीक्षा घेऊ नका; जिचे गुण धरले जात नाहीत तिच्यात विद्यार्थी मन लावून लिहीत नाहीत. आधीपासून असलेल्या परीक्षेतला एक केस-प्रश्न (एखाद्या कंपनीचा प्रसंग देऊन विचारलेला प्रश्न) किंवा प्रकल्प-अहवालाचा एक भाग या कामासाठी राखून ठेवा. विषयशिक्षक नेहमीसारखे गुण देतील. निष्पत्तीसाठी त्याच उत्तरांच्या नाव झाकलेल्या प्रती स्वतंत्रपणे तपासायच्या.

गटकार्यावरून व्यक्तीची निष्पत्ती काढता येत नाही. पाच जणांच्या अहवालातलं आर्थिक विश्लेषण एकानेच केलेलं असू शकतं. गटाचा प्रकल्प वापरायचाच असेल तर प्रत्येकाकडून दोन पानांचं वैयक्तिक टिपण घ्या, किंवा दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घेऊन ‘हा आकडा कुठून आला, आणि तो बदलला तर शिफारस बदलेल का?’ असं विचारा. घरून लिहून आणलेल्या कामात आता एआयची मदत किती हे कळणं अवघड झालं आहे. त्यासाठीही हीच तोंडी परीक्षा सर्वात कामाची.

रूब्रिक: इथे वेळ द्या

रूब्रिक म्हणजे उत्तर कोणत्या निकषांवर आणि कोणत्या पातळ्यांत तपासायचं याचा तक्ता. पूर्ण उत्तराला एकच शेरा देणारं रूब्रिक निदानाच्या कामाचं नाही. निष्पत्तीचे तीन ते पाच निकष करा आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या ठरवा. पाच-सहा पातळ्या केल्या की शेजारच्या दोन पातळ्यांमधला फरक परीक्षकांनाच सांगता येत नाही.

समजा निष्पत्ती आहे ‘आकडेवारीच्या आधारे व्यावसायिक निर्णय घेतो’. केसमधल्या कंपनीची विक्री वाढते आहे, पण खात्यात रोकड उरत नाही. वार्षिक उधार विक्री 730 लाख, आणि येणी वसूल व्हायला लागणारे दिवस 45 वरून 80 वर गेले आहेत. ‘आकड्यांचा पुरावा’ या निकषाची ओळ अशी लिहा:

- अपुरं: विक्री वाढली म्हणून कंपनी सुस्थितीत आहे असं म्हणतो, किंवा केसमधले आकडे नुसते उतरवतो.
- समाधानकारक: वसुलीचे दिवस वाढल्याचं ओळखून त्याचा संबंध रोकडटंचाईशी जोडतो.
- उत्तम: रोजची उधार विक्री 2 लाख, वाढलेले 35 दिवस, म्हणजे सुमारे 70 लाख जादा अडकले, हे काढून दाखवतो आणि शिफारस त्या रकमेला धरून करतो.

‘चांगलं विश्लेषण’, ‘बऱ्यापैकी विश्लेषण’ असे शब्द पातळीत घातले तर प्रत्येक परीक्षक आपापला अर्थ लावतो. उत्तरात डोळ्यांना काय दिसलं पाहिजे तेच लिहा.

तपासणी

प्रत्येक उत्तर दोघांनी, एकमेकांचे शेरे न पाहता तपासायचं, आणि शक्यतो त्यांत तो विषय शिकवणारे नकोत. आधी चार-पाच नमुना उत्तरं एकत्र बसून तपासा, जिथे मतं फुटली तिथे रूब्रिकची भाषा दुरुस्त करा, मगच बाकीची घ्या. हा तास वाचवला तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात.

एकमत नुसत्या टक्केवारीवरून जोखू नका. दोन्ही परीक्षक 90 टक्के उत्तरांना ‘पुरेसं’ आणि 10 टक्क्यांना ‘अपुरं’ म्हणत असतील, तर डोळे मिटून शेरे दिले तरी 0.9 × 0.9 + 0.1 × 0.1, म्हणजे 82 टक्के एकमत निव्वळ योगायोगाने होतं. म्हणून कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वगळून उरलेलं एकमत दाखवणारा आकडा, काढा: प्रत्यक्ष एकमतातून योगायोगाचं एकमत वजा करा आणि 1 मधून योगायोगाचं एकमत वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. वरच्या उदाहरणात प्रत्यक्ष एकमत 91 टक्के असेल, तर (0.91 − 0.82) ÷ (1 − 0.82) = 0.5. आधी 91 टक्के पाहून झालेलं समाधान इथे ओसरतं, आणि रूब्रिक पुन्हा हातात घ्यावं लागतं.

तुकडी 200 ची असेल तर यादृच्छिक पद्धतीने निवडलेली 50 उत्तरं चालतील, पण मग निकालात साधारण 11 टक्के इकडे-तिकडे धरून चाला. गेल्या वर्षी 68 आणि यंदा 72 टक्के, याला सुधारणा म्हणता येत नाही. तुकडी 60 ची असेल तर सगळीच तपासा.

लक्ष्य निकाल पाहण्याआधी ठरवून नोंदवा, उदाहरणार्थ ‘प्रत्येक निकषावर किमान 75 टक्के विद्यार्थी समाधानकारक किंवा त्यावर’. निकषांची सरासरी काढू नका. उत्तम भाषेखाली कच्चं गणित सहज झाकलं जातं. विद्यार्थ्यांची प्रश्नावली, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्यांचं मत हे सगळं जोडीला घ्या, पण ‘मला विश्लेषण येतं असं वाटतं’ हा विश्लेषण येत असल्याचा पुरावा नव्हे.

निकाल आल्यावर

दोन तासांची एक बैठक घ्या, त्या त्या विषयाचे शिक्षक बोलवा, आणि टक्केवारीबरोबर ‘अपुरं’ ठरलेली तीन-चार उत्तरं, नावं झाकून, सगळ्यांना वाचायला द्या. आकड्यांवर वाद घालणारे शिक्षकही उत्तर वाचल्यावर नेमकं बोलू लागतात: दिवस काढता येतात, पण त्यांचा रोकडीशी संबंध लागत नाही. मग उपाय ठरतो तोही नेमका. ‘विश्लेषणावर अधिक भर द्यावा’ असा ठराव करू नका. ‘दुसऱ्या वर्षाच्या वित्त विषयात वसुलीचे दिवस आणि रोकड यांवर दोन सोडवलेली आणि दोन न सोडवलेली उदाहरणं, जबाबदारी अमुक शिक्षकांची, या सत्रापासून’ असा करा.

पुढची मोजणी कधी हेही त्याच बैठकीत ठरवा. तीन वर्षांच्या पदवीत बदल पहिल्या वर्षाच्या विषयात केला असेल, तर तो शिकलेली तुकडी शेवटच्या वर्षाला दोन वर्षांनी पोचते. त्याआधीच्या मोजणीत बदलाचा परिणाम दिसणार नाही. मधल्या काळात दुसऱ्या वर्षी त्याच रूब्रिकने वीसेक उत्तरं तपासून अंदाज घ्या, आणि मूळ प्रश्न, रूब्रिकची तारीख घातलेली प्रत व परीक्षकांचे कच्चे शेरे जपून ठेवा. प्रश्न बदललात तर केसचा विषय वेगळा चालेल, पण अवघडपणा आणि निकष तेच हवेत, नाहीतर दोन तुकड्यांची तुलना करता येणार नाही.